पक्ष्यांच्या मालिकेतलं निळं

त्या पाकिटावर तिकीट नव्हतं. तिकिटाच्या जागी, उजव्या कोपऱ्यात, यंत्रानं उमटवलेला लाल चौकोन होता. त्यात काही आकडे आणि दोन नागमोडी रेघा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून त्यानं पाकीट उलटसुलट केलं, उजेडाकडं धरलं, पुन्हा उलटं केलं. कुणी दारात यावं आणि त्याला चेहराच नसावा, तसं काहीसं झालं. एरवी पत्र आलं की त्याची एक रीत ठरलेली होती, आणि ती इतकी जुनी होती की ती रीत आहे हेच तो विसरला होता. पाकीट दिव्याखाली धरायचं, तिकीट बघायचं, शिक्का त्याच्या अंगावर कुठवर आलाय ते बघायचं, मग कात्रीनं तेवढा कोपरा चौकोनी कापून घ्यायचा, बशीत पाणी ओतायचं, कोपरा पाण्यावर सोडायचा, आणि मग हात पुसून, ध्यानात राहिलं तर, पत्र. आज कापायला कोपराच नव्हता. म्हणून त्यानं बोट घालून पाकीट फाडलं आणि तिथंच जिन्यात, पिशवी खांद्याला तशीच ठेवून, चाळीस वर्षांत पहिल्यांदा आधी पत्र वाचलं.

पत्र भाचीचं होतं. ताईची मुलगी, दोन समुद्रांपलीकडं वाढलेली, आता तिथंच दातांची डॉक्टर. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. भाचीनं लिहिलं होतं की ती दातांच्या डॉक्टरांच्या कुठल्याशा संमेलनाला त्याच्या शहरात तीन दिवस येतेय, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता त्याच्याकडं येणार आहे. आईचं कपाट आवरताना त्याची पत्रं सापडली, चौसष्ट, बुटाच्या नाडीनं बांधलेली. ती सगळी घेऊन येते. आईनं त्याला लिहिलेली पत्रं त्याच्याकडं असतीलच. 'आई नेहमी म्हणायची, माझा मुंगळा एक कागद टाकायचा नाही. मुंगळामामा, मला तुमचा फार वेळ नको. मला एकच पत्र वाचायचंय. मी आठ वर्षांची असताना, मला वसतिगृहात ठेवलं त्याच्या आदल्या महिन्यात तिनं तुम्हाला लिहिलेलं. तुमचं उत्तर माझ्याकडं आहे. तिचा प्रश्न तेवढा नाही.'

मुंगळा. कागदावरचा तेवढा शब्द त्यानं पुन्हा वाचला. त्या नावानं हाक मारणारं जगात आता कुणी उरलं नाही असं तो धरून चालला होता. नाव ताईनंच ठेवलेलं. लहानपणी त्याला दोन महिने अंथरुणाला खिळवून ठेवणारा ताप आला होता, आणि तापातून उठला तेव्हा त्याच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि जे दिसेल ते उचलून उशीखाली नेऊन ठेवायची खोड लागली होती: बटणं, बाटल्यांची बुचं, पेन्सिलींचे तुकडे. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. वडिलांच्या कचेरीतल्या रद्दीच्या टोपलीतून तिनं एक दिवस फाटकी पाकिटं आणली, ओटीत भरून आणावीत तशी. बशीत कोमट पाणी घेतलं. एक तुकडा पाण्यावर सोडला आणि म्हणाली, आता बघ हं. तो बघत राहिला. काहीच होईना. त्यानं नखानं ओढायला हात पुढं केला तेव्हा तिनं त्याच्या मनगटावर हलकी चापट मारली आणि म्हणाली, "ओढायचं नाही मुंगळ्या. सुटू द्यायचं." आणि खरंच, थोड्या वेळानं, कुणी झोपेत कूस बदलावी तसं ते तिकीट कागदावरून जरासं सरकलं, थरथरलं, आणि सुटलं. कागद खाली बुडाला. तिकीट वर तरंगत राहिलं. एका हिरव्या बोटीचं चित्र होतं त्याच्यावर, पाण्यावर बोट.

त्या क्षणासारखं सुख त्याला पुढं कशानंच दिलं नाही. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच; चारचौघांना सांगितलं असतं तर त्यांनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं असतं. पण वर्षामागून वर्ष, कामावरून आल्यावर, हात धुऊन टेबलाशी बसल्यावर, दिव्याचा पिवळा गोल बशीवर पडल्यावर, त्या सुटण्याची वाट बघताना त्याच्या छातीतलं सगळं चिकटलेलं हळूहळू सैल व्हायचं. मग चिमट्याच्या चपट्या टोकात तिकीट अलगद उचलायचं. पाठीवरचा गोंद बोटाच्या पोटानं पाण्यातच पुसायचा, बुळबुळीत, शेवाळासारखा. टीपकागदावर पालथं घालायचं, वर दुसरा टीपकागद, वर जाडजूड शब्दकोश. दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश उचलला की ते सपाट, कोरडं, हलकं, नव्यानं जन्मलेलं. भिंगाखाली त्याच्या दातेरी कडा मोजायच्या, एकही दात पडलेला नसावा. त्यातला राजा, त्यातलं धरण, त्यातली कणसं, त्यातल्या बाईच्या गळ्यातला एकेक मणी. जिथं आपण कधी जाणार नाही तिथलं आभाळ नखाएवढं होऊन आपल्या टेबलावर यायचं. आणि मग अल्बममध्ये त्याची जागा. डावीकडं त्याचा भाऊ, उजवीकडं बहीण, मध्ये रिकामा चौकोन वाट बघत असलेला. चौकोन भरला की आतून काहीतरी टक् करून बसायचं, नीट लागलेल्या कडीसारखं. माणसांत असं कधी होत नाही. माणसांत एक जागा भरावी तर शेजारची रिकामी होते.

ताई लग्न होऊन दूर गेली तेव्हा घरात सगळे रडले. तोही रडला. पण रडता रडता त्याच्या मनात एक चोर उभा होता, आणि तो चोर म्हणत होता, तिकडची तिकिटं येतील.

आली. दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी. तिनं पाकिटावर कधी एकच तिकीट लावलं नाही. वजनाला एक पुरत असेल तिथं लहान किमतीची तीन लावायची, तीन वेगळी. टपालाच्या खिडकीशी उभी राहून ती तिथल्या माणसाशी हुज्जत घालत असणार, हे नको ते द्या, शिक्का हलका मारा. तिकडच्या थंडीत, उसन्या भाषेत. हे त्याला आज जिन्यात उभं असताना सुचलं. तेव्हा नव्हतं सुचलं.

तो वजनमाप कचेरीत होता. दुकानांतली, गुदामांतली, औषधांच्या कारखान्यांतली वजनं वर्षातून एकदा तपासणीला यायची, आणि मखमलीच्या पेटीतल्या मूळ वजनांशी ती ताडून बघायची, हे त्याचं काम. खोलीला पंखा नव्हता, खिडकी उघडायची नाही, तराजू काचेच्या कपाटात. माणसाच्या श्वासानंही पारडं हलतं. सगळ्यात लहान वजनं म्हणजे पत्र्याच्या पाकळ्या. त्यांना बोट लावायचं नाही, बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो, चिमट्यानंच उचलायची. इथला चिमटा आणि घरचा चिमटा, यांत त्याचं आयुष्य गेलं. खरं उतरलेल्या वजनावर शिक्का मारायचा, खोटं ठरलेलं बाजूला. त्याच्या हातून चूक कधी झाली नाही, आणि तशी ख्यातीच होती.

बुधवारी तो तीन वजनं चुकला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या ते लक्षात आलं. हा सहकारी अंगानं अघळपघळ, म्हणून सगळी कचेरी त्याला जुन्या काळच्या वजनावरून रत्तल म्हणायची, आणि तोही फोनवर स्वतःची ओळख रत्तल अशीच करून द्यायचा. काय झालं विचारल्यावर यानं सांगितलं, भाची यायचीय शनिवारी. रत्तल म्हणाला की लोक असला चेहरा जावई येणार असला की करतात, भाचीला एवढं भ्यायचं काय. मग यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्याकडं जुनी पत्रं आहेत का रे?

"माझ्याकडं कुठली," रत्तल म्हणाला. "बायकोकडं आहेत. लग्नाआधी मी लिहिलेली चार. भांडण झालं की बाहेर काढते आणि मोठ्यानं वाचते. मेल्याहून मेल्यासारखं होतं बाबा. माणसानं एक तर लिहू नये, नाहीतर जपणारी बायको करू नये."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी तो काचेच्या कपाटाकडं बघत राहिला. आत पारडी स्थिर होती, दोन्हीकडं काहीच नसताना जशी स्थिर असतात तशी.

कारण पत्रं नव्हती. एकही नव्हतं. ती फेकली असंही म्हणता येत नव्हतं. फेकायला माणसाला निदान ठरवावं लागतं. कोपरा कापलेली पाकिटं टेबलाच्या कडेला साठायची, त्यांत पत्रं, कधी वाचलेली, कधी अर्धी वाचलेली, कधी उद्या वाचू म्हणून ठेवलेली, आणि मग रद्दीच्या दिवशी वर्तमानपत्रांबरोबर दोरीत जायची. पत्र म्हणजे तिकिटाचं टरफल. शेंग खाल्ल्यावर कुणी टरफलं मोजत नाही. गेल्या वर्षी ताई गेल्याचं भाचीनं कळवलं त्या पाकिटावर दीपगृहाचं नवं तिकीट होतं, तीन रंगांतलं, त्यानं आधी न पाहिलेलं. ते बशीत तरंगत होतं तेव्हा तो त्याच्याकडं बघत किती वेळ खुशीत बसला होता. आतल्या घडीत ताई मेलेली होती आणि बाहेर तो समुद्राच्या निळ्याची छटा ठरवत होता. तिकीट टीपकागदात ठेवून, हात पुसून, मग त्यानं पत्र उघडलं. दीपगृह अजून अल्बममध्ये लावलेलं नाही. पण टाकलेलंही नाही.

आणि भाची मागत होती ते पत्र मात्र त्याला आठवत होतं. आयुष्यात आलेल्या सगळ्या पत्रांतलं तेवढं एकच, आणि तेही त्याला भोक होतं म्हणून.

ते पाकिटातलं नव्हतंच. एकाच पातळ कागदाचं, घड्या घालून कडा चिकटवायच्या आणि पाठीवर पत्ता लिहायचा, तसलं. वर पक्ष्यांच्या मालिकेतलं निळं. सात पक्ष्यांची मालिका, त्यातले पाच त्याच्याकडं आलेले, निळा आणि तपकिरी राहिलेले. वेताच्या दांडीवर बसलेला निळा पक्षी, चोचीत आडवा चंदेरी मासा, आणि शिक्का अगदी कोपऱ्याला नुसता टेकून गेलेला, पापणीसारखा. त्याला धीर निघाला नाही. त्यानं सवयीनं कात्री चालवली. चौकोन बशीत पडला तेव्हा पाण्यात एक निळा धागा उतरला. त्याला वाटलं, तिकिटाचा रंग सुटतोय की काय. पण ती शाई होती. कागदाच्या आतल्या बाजूला ताईनं लिहिलेलं होतं. ओळी पाण्यात फुगल्या, पसरल्या, आणि धूर विरावा तशा विरल्या. त्याला हायसं वाटलं. तिकीट शाबूत होतं.

मग पत्र उघडलं तर मधोमध चौकोनी खिडकी. खिडकीच्या वर लिहिलेलं होतं, 'पोरीचं इथं मन लागत नाही, यांच्या आजारपणात माझं तिच्याकडं बघणं होत नाही. मी एक ठरवलंय. पण तू जर' आणि खिडकीच्या खाली, 'मग तसंच. तू लिहिशील तसं करीन. तुझ्या उत्तराची वाट बघते.' मध्ये सात ओळींचा उजेड, कडांना उरलेल्या तुटक्या अक्षरांवरून काही लागत नव्हतं. त्या खिडकीतून त्याला टेबल दिसत होतं, टेबलावरची बशी, बशीतला पक्षी.

तेव्हा त्यानं काय करायला हवं होतं? 'ताई, माझ्या हातून तुझं पत्र कापलं गेलं, पुन्हा लिही.' एवढंच. एका ओळीचं काम. पण त्या ओळीत सगळंच आलं असतं, म्हणजे हेही आलं असतं की मी आधी तिकीट कापतो आणि मग तुला वाचतो. त्याला लाज वाटली. लाजेला वाट काढून द्यायला माणूस काय काय करतो. त्यानं विचार केला, ताई शहाणी आहे, तिनं ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार. आणि त्यानं लिहून टाकलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यानं घरभर शोधलं, जणू शोधल्यानं न ठेवलेली वस्तू ठेवली जाते. पलंगाखालच्या पेट्या, शब्दकोशांच्या पानांमधले टीपकागद, जुन्या अल्बमांचे पुठ्ठे. शुक्रवारी संध्याकाळी शोधून थकल्यावर त्याच्या मनात एक भलतंच आलं. पातळ निळसर कागद त्याच्याकडं होता. शाई होती. सात ओळी काय, अख्खं पत्र लिहिता आलं असतं. जुनं दाखवायला चहाच्या पाण्याचा हात कसा फिरवतात हेही त्याला ठाऊक होतं, खोटी तिकिटं ओळखण्यात त्याची हयात गेली होती. ताईच्या तोंडी काहीतरी बरं घालता आलं असतं, पोरीच्या भल्याचं. त्यानं कागद पुढं ओढला, टाक उचलला, आणि तिथंच थांबला. ताईचं अक्षर कसं होतं? त्याला त्या देशातल्या चार टपालकचेऱ्यांचे शिक्के डोळे मिटून काढता आले असते. बहिणीचा 'म' आठवत नव्हता. ती गाठ मारायची की नाही, वेलांटी पुढून यायची की मागून. तिकिटाच्या कडेखाली सापडलेली, पत्त्यातली शेवटची दोन अक्षरं तेवढी डोळ्यांसमोर येत होती, आणि तीही त्याच्या स्वतःच्या नावाची होती.

शनिवारी भाची तीन वाजता आली, घड्याळ लावून घ्यावं अशी. उंच, केस बारीक कापलेले, चाळिशी ओलांडलेली. तिनं चपला दाराशी काढल्या तेव्हा वाकताना तिचं मनगट दिसलं आणि तो दचकला. चापट मारणारं मनगट तेच होतं. चहा तिनंच केला. त्याला साखर सापडेना, स्वतःच्याच घरात. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, गुडघे कसे आहेत, दात किती राहिलेत; तोंड उघडायला लावून बघितलं आणि म्हणाली की मागची दाढ फार दिवस पाहुणी राहणार नाही. मग तिनं पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. नाडी सोडली. सगळ्या पाकिटांवरची तिकिटं जागच्या जागी होती, वाकडीतिकडी, शिक्क्यांनी काळी झालेली. ताईनं एकही कापलं नव्हतं.

"आई लिहायला बसली की आधी मोठ्यानं एक ओवी जुळवायची," भाची म्हणाली. "तुमच्यावर. दर पत्रात वेगळी. ती कागदावर उतरली की मग बाकीचं. मला एकच पाठ आहे." आणि तिनं ती म्हटली, गायली नाही, नुसती म्हटली, पण तिच्या बोलण्यात ताईची लय आपसूक उतरली.

पाण्याच्या पल्याड दिवा लागतो लागतो
मुंगळा माझा बाई रंग मागतो मागतो

"बाकीच्या तुमच्याकडं असतील," ती म्हणाली. "सगळ्या उतरून घेऊ आपण."

दर पत्राच्या डोक्यावर दोन ओळी. एवढ्या वर्षांच्या, म्हणजे किती झाल्या. त्यातली एकही त्याला आठवेना. डोक्यावरच्या दोन ओळी वाचायला पत्र फार उघडावंही लागत नाही. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण भाचीनं तोवर गठ्ठ्यातून एक कागद वेगळा केला होता. खूण म्हणून त्यात दोरा घातलेला होता.

"हे तुमचं उत्तर," ती म्हणाली आणि वाचू लागली. आवाजात राग नव्हता. डॉक्टर आधीच्या डॉक्टरचा कागद वाचतात तसं ती वाचत होती. "'प्रिय ताई, तुझं पत्र मिळालं. तू ठरवलं आहेस ते योग्यच आहे. तसंच कर, मागंपुढं बघू नकोस. पक्ष्यांच्या मालिकेतलं निळं आलं, फार सुरेख आहे. आता फक्त तपकिरी राहिलं. ते मिळालं तर दोन घे. शिक्का हलका मारायला सांगत जा. तुझा मुंगळा.'"

तिनं कागद घडीवर घडी घालून ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घ्यायला लावत होतं, मागं, आणखी मागं, असं ओरडत.

"आईनं हे स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मला वसतिगृहात पोचवलं. दहा वर्षं होते मी तिथं. मामा, मी भांडायला नाही आले. वसतिगृह वाईट नव्हतं, खायला होतं, अभ्यास झाला. फक्त एक आहे. त्याच्या आदल्या महिन्यात आईनं मला विचारलं होतं, मामाकडं राहशील का? मी हो म्हटलं. मी माझी पेटीसुद्धा भरली होती. तुम्हाला द्यायला घरी आलेल्या इतर पाकिटांवरची तिकिटं काढून ठेवली होती, ओढून, फाटलेली सगळी. आई म्हणाली, मामाला पत्र टाकलंय, तो हो म्हणाला की जायचं. मग तुमचं उत्तर आलं. मला एवढंच विचारायचंय. तुम्ही मला नको म्हणालात का?"

पण तू जर. खिडकीच्या वरची ओळ आता तिथं थांबेना. ती आपली आपण पुढं चालू लागली. मी तिला वसतिगृहात ठेवायचं ठरवलंय. पण तू जर हो म्हणालास तर तिला तुझ्याकडं पाठवते. जमणार नसेल तर मग तसंच. सात ओळी. आठ वर्षांची एक मुलगी, तिची भरलेली पेटी, ओढून फाडलेली तिकिटं, हे सगळं त्या चौकोनात होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळलं होतं, आणि त्याला हायसं वाटलं होतं. या घरात, या टेबलाशी, दिव्याच्या या गोलात दुसरं एक डोकं आलं असतं. त्यानं तिच्या मनगटावर चापट मारली असती. सुटू द्यायचं, म्हणाला असता. कोण जाणे, कदाचित नाहीही म्हणाला असता. एकटा माणूस, पोर कशी सांभाळू म्हणून खरंच नको म्हणाला असता. पण नको म्हणणाऱ्यानं निदान तिला पारड्यात घातलं असतं. वजन करून, उणं ठरवून, बाजूला ठेवलं असतं. त्यानं तर तेवढंही केलं नव्हतं.

"मी वाचलंच नाही," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. कात्री, बशी, शाई, खिडकी, लाज. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता, बुटाच्या नाडीकडं बघत होता. पत्रं नाहीत, तेही सांगितलं. एकही नाही, ओव्याही नाहीत. सांगून संपलं तेव्हा त्याला वाटलं की ती आता उठेल, काहीतरी आपटेल, निदान रडेल. तिनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि थोडा वेळ ते बघितले.

"म्हणजे नको म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "मी आपली तेहतीस वर्षं कारण शोधत होते. अंथरूण ओलं करायचे म्हणून असेल, फार बोलायचे म्हणून असेल." ती जराशी हसली, पण ते हसू तोंडभर पोचलं नाही. "दाखवा ना ते."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं कपाटातून अल्बम काढला. तिसरा, हिरव्या पाठीचा. पान एका फटक्यात उघडलं. सात पक्षी एका ओळीत, मधला निळा. तिनं त्याच्या हातातून भिंग घेतलं, ते कसं धरायचं हे तिला सांगावं लागलं नाही, आणि ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. तिचा श्वास पानावर पडत होता, आणि पानाला दमट हवा लागते हे त्याच्या मनात आलं, आणि आपल्या मनात आलं म्हणून तो स्वतःवरच चडफडला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं. "माशाचे खवलेसुद्धा काढलेत." मग तिनं मान वर केली. "मामा, हे मी नेऊ?"

ने, असंच त्याला म्हणायचं होतं. शब्द ओठांशी आला होता. हे एकच नव्हे, सगळा अल्बम ने, सगळे अल्बम ने, घर ने. ती मागतेय यासारखं दुसरं भाग्य नव्हतं; तिला द्यावं असं त्याच्याजवळ याहून तिचं काहीच नव्हतं. पण त्या क्षणात त्याला सहा पक्षी दिसले आणि मधला रिकामा चौकोन दिसला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं, त्याला न विचारता, सरकून पानाच्या कडेवर येऊन बसली. एवढंच. धरलं नाही, ओढलं नाही. नुसती येऊन बसली. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

तो वेळ तिनं पाहिला. दुखायच्या आधी माणूस मान किती मागं घेतो, हे बघण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

"ने ना," तो म्हणाला. "ने, अगं. खरंच ने."

"राहू दे मामा. ओळ मोडेल." तिनं भिंग टेबलावर ठेवलं, काच वर करून, जशी ठेवायची असते तशी. पत्रांची नाडी पुन्हा बांधली, गठ्ठा पिशवीत टाकला. तो ने ने म्हणत तिच्या मागं दारापर्यंत गेला, चिमटा हातात घेऊन. लगेच काढून देतो, पाकिटात घालून देतो, पुठ्ठा लावून देतो. तिनं चपला घातल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दाढेचं मनावर घ्या, अंगावर काढू नका. मग ती उतरून गेली. सबंध जिनाभर तिची पावलं सारख्या अंतरानं वाजत राहिली. मध्ये कुठं थांबली नाहीत.

तो टेबलाशी येऊन बसला. दुपार अजून बरीच होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. त्यानं चिमट्यानं निळं तिकीट पानावरून सोडवलं आणि पालथं करून उजेडात धरलं. कुठं शाईचा एखादा ठिपका, कागदाचा एखादा तंतू, ताईच्या एखाद्या अक्षराची उलटी सावली. भिंग लावून त्यानं कडेपासून कडेपर्यंत शोधलं, एकेका दातापाशी थांबून. पाठ स्वच्छ होती. त्यानं फार नीट धुतलं होतं.

मग त्यानं ते पुन्हा आपल्या जागी लावलं. बाहेर राहिलं असतं तर कड वळली असती.